मुंगसाच्या मापाचे खुराडे

मुंबईत गोराई, मनोरी, मढ या बाजूच्या गावठाणांत, मुलुंड-भांडुपच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत आणि आरेतील पाड्यांवर परसदारी चार-सहा कोंबड्या पाळण्याची रीत आजही टिकून आहे. या कोंबड्यांसाठी खुराडे बांधायला निघालेला माणूस बहुधा कुत्र्याचा विचार करतो, कारण कुत्रा रोज डोळ्यांसमोर असतो. त्यामुळे दार जाडजूड होते, कुलूप मोठे येते आणि जोत्याशी राहिलेली दोन बोटांची फट मात्र तशीच राहून जाते. शहरातील परसात कोंबड्यांचा घात बहुतेक वेळा लहान डोक्याचे प्राणी करतात. ज्या फटीतून मुंगसाचे किंवा घुशीचे डोके जाते तिच्यातून बाकीचे अंगही जाते, हे ध्यानात ठेवून मापे घेतली, तर कुत्रा आणि मांजर यांचा बंदोबस्त त्यातच होऊन जातो. पुढील सर्व मापे सहा कोंबड्या गृहीत धरून आणि मुंगूस डोळ्यांसमोर ठेवून दिलेली आहेत.

सहा कोंबड्यांना रात्री बसण्यासाठी ४ × ४ फुटांची बंद खोली आणि दिवसा फिरण्यासाठी तिला जोडलेला ६ × १० फुटांचा जाळीचा पिंजरा पुरतो. जागा सोसायटीची किंवा सामाईक असेल, तर लेखी संमती घ्यावी आणि पालिकेच्या विभाग कार्यालयातही आधी चौकशी करावी. बांधून झाल्यावर तक्रार आली तर लोखंड आणि मजुरी दोन्ही वाया जातात.

कोण येते, केव्हा आणि कोठून

खर्च करण्यापूर्वी आपल्या परसात कोणाचा वावर आहे हे ओळखून घ्यावे. मुंगूस दिवसाढवळ्या येते, आणि म्हणूनच ते सर्वांत जास्त नुकसान करते, कारण रात्री दार लावणारा माणूस दुपारी निर्धास्त असतो. ते मान किंवा डोके धरते आणि संधी मिळाली तर एकाच फेरीत दोन-तीन कोंबड्या मारून ठेवते. घूस रात्री आणि जमिनीखालून येते; गटाराच्या कडेला किंवा नळाच्या चबुतऱ्याखाली तिच्या बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसतो. मोठ्या कोंबडीच्या वाटेला ती सहसा जात नाही, परंतु पिल्ले आणि अंडी नेते, आणि तिने खणलेल्या वाटेने नंतर नागही येऊ शकतो. उदमांजर रात्री भिंतीवरून, फांदीवरून किंवा कौलांवरून चालत येते आणि बियांनी भरलेली विष्ठा ठरावीक जागी टाकून आपला माग सोडते. घार, शिक्रा आणि कावळा दिवसा वरून झडप घालतात, आणि त्यांचा डोळा पिल्लांवर व तलंगांवर (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांवर) असतो. धामण आणि नाग अंडी अख्खी गिळतात, म्हणून अंडे नाहीसे झाले आणि टरफलाचा तुकडाही मागे नसेल, तर सापाचा संशय घ्यावा. पिल्लू मेलेले सापडले आणि त्याचे डोके व मान ओलसर, चिकट लागली, तर ते गिळण्याचा प्रयत्न करून सापाने सोडून दिले असे समजावे. फुटलेले, अर्धवट चाटलेले अंडे बहुधा मुंगसाचे, घुशीचे किंवा कावळ्याचे काम असते. कांदळवनालगतच्या वस्त्यांत कोल्हाही येतो. विक्रोळी, कांजूरमार्ग आणि चारकोपच्या खाडीकाठी तो लोकांनी पाहिलेला आहे.

यांपैकी मुंगूस, उदमांजर, कोल्हा, नाग आणि धामण यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. त्यांना मारणे किंवा सापळा लावून पकडणे हा गुन्हा आहे, त्यामुळे खुराड्याचे सगळे संरक्षण अडवण्यावरच उभे करावे लागते. उंदीर-घुशींसाठी विषाच्या गोळ्या टाकण्याचा मोहही आवरावा, कारण विष खाल्लेला उंदीर उघड्यावर येऊन मरतो आणि त्याला कोंबडी टोचते, मांजर उचलते किंवा घुबड नेते. घरातील विजेची तार जाळीला जोडणारे महाभागही असतात. तो उपाय माणसांच्या जिवावर बेतणारा आणि बेकायदेशीर आहे, तेव्हा त्याचा विचारच करू नये.

जागा आणि जोते

उघड्या गटारापासून आणि कचऱ्याच्या ढिगापासून जितके दूर जाता येईल तितके जावे. झाडाच्या फांद्या छपरावर येत असतील, तर उदमांजराला आयता पूल मिळतो. मुंबईत फांदी छाटायलाही पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, म्हणून जागाच फांद्यांपासून सहा-सात फूट सोडून निवडणे सोयीचे पडते. पावसाळ्यातील वारा-पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे रात्रीच्या खोलीची पश्चिम आणि दक्षिण बाजू विटांची बंद भिंत असावी आणि हवेसाठीची जाळी पूर्व व उत्तर बाजूंना ठेवावी. सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या शहरात भिजलेला भुसा हा देखील कोंबड्यांचा शत्रूच आहे.

रात्रीच्या खोलीखाली पक्के जोते घालावे. चारही बाजूंनी दीड फूट खोल चर खणून त्यात विटांची किंवा काँक्रीटची भिंत जमिनीच्या वर एक फूट येईपर्यंत उचलावी. मागील पावसाळ्यांत परसात याहून जास्त पाणी चढलेले असेल, तर त्या खुणेच्या वर जावे. आत दगडांची सोलिंग (रचून चोपलेला थर), तिच्यावर तीन इंच पीसीसी (सळई नसलेले साधे काँक्रीट) आणि पीसीसी ओली असतानाच तिच्यात अर्ध्या इंचाची जाळी दाबून बसवावी. नुसती फरशी घातली, तर तिच्याखाली घुशी माती पोखरतात आणि एखाद्या पावसाळ्यात फरशी खचून कोपऱ्यात वाट तयार होते. काँक्रीटमधली जाळी तडा गेल्यानंतरही वाट देत नाही. जमिनीला एका बाजूला हलका उतार द्यावा आणि धुण्याचे पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या भोकावर जाळी लावण्यास विसरू नये. चहूबाजूंनी बंदोबस्त करून मोरीचे तोंड मोकळे ठेवलेली खुराडी पुष्कळ दिसतात.

फिरण्याच्या पिंजऱ्याची जमीन मातीचीच असावी, कारण कोंबड्यांना उकरायला आणि धुळीत अंग घोळवायला माती लागते. येथे जमिनीखालील संरक्षण जाळीनेच करायचे असते. पिंजऱ्याच्या कडेने एक फूट खोल चर खणून जाळी खाली सोडावी आणि तळाशी ती काटकोनात बाहेरच्या बाजूला आणखी एक-दीड फूट वळवून वर माती चोपावी. खणणारा प्राणी नेहमी भिंतीच्या अगदी बुडाशी उकरायला लागतो. तेथे जाळी लागली की तो तिच्या कडेकडेने पुढे सरकतो, पण दीड फूट मागे हटून खणायला सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. जागा भाड्याची असेल किंवा खाली कातळ लागत असेल, तर खणण्याऐवजी जाळीचा दोन फुटांचा पट्टा जमिनीवर बाहेरच्या बाजूला सपाट अंथरावा, भिंतीच्या जाळीला तारेने घट्ट बांधावा आणि त्यावर दगड किंवा पेव्हर ब्लॉक मांडावेत. गोराई-मनोरीच्या वाळूत चर टिकत नाही, तेथेही हीच पद्धत बरी.

सांगाडा आणि जाळी

पैसे वाचवायचे असतील तर ते इतरत्र वाचवावेत. जाळीत वाचवू नयेत. हार्डवेअरच्या दुकानात षटकोनी भोकांची पातळ जाळी ‘कोंबडी जाळी’ म्हणूनच मिळते आणि नावावर जाऊन लोक तीच घेतात. ती कुत्र्याच्या दाताने फाटते, उंदीर आणि लहान मुंगूस तिच्या मोठ्या भोकांतून आरपार जातात, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत ती लवकर गंजते. तिचा उपयोग फार तर आतल्या आत पिल्लांसाठी कप्पा पाडायला करावा.

भिंतींसाठी अर्ध्या इंची भोकाची जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेली, सांधे वेल्ड केलेली तारेची जाळी घ्यावी. तार १९ गेजपेक्षा पातळ नसावी. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे दुकानात लक्षात ठेवावे. वेल्डिंग करून मग जस्ताचा मुलामा दिलेली जाळी आणि मुलाम्याच्या तारा नंतर वेल्ड केलेली जाळी, असे दोन प्रकार मिळतात, आणि दुकानदार सांगेलच असे नाही, म्हणून जाळी उजेडात धरून सांधे पाहावेत. पहिल्या प्रकारात तारा जेथे एकमेकींना छेदतात तेथे जस्त साचून सांधा किंचित फुगीर, एकसंध दिसतो. दुसऱ्या प्रकारात त्याच ठिकाणी जळकट काळसर ठिपका असतो, आणि मुंबईच्या दमट हवेत गंज नेमका त्या ठिपक्यापासून सुरू होतो. घर अगदी किनाऱ्यावर असेल आणि ऐपत असेल, तर ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची जाळी घेतलेली चांगली.

अर्ध्या इंची जाळी मुंगसाला अडवते, परंतु जोरदार कुत्र्याने ती पंज्यांनी आणि दातांनी ओढायला घेतली तर एवढ्या पातळ तारेवर विसंबून राहता येत नाही. म्हणून जमिनीपासून तीन फूट उंचीपर्यंत तिच्या बाहेरून दोन इंची भोकांची, १० गेजची जाड वेल्डमेश लावावी. भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या ज्या गल्लीत फिरतात तेथे हा दुहेरी पट्टा गाळू नये.

सांगाडा लाकडाचा करता येतो, परंतु पावसाळा आणि वाळवी या दोहोंना तोंड देणारे लाकूड महाग पडते, त्यामुळे जवळच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचा सांगाडा करून घेणे व्यवहार्य ठरते. खांबांना ३५ मि.मी. आणि आडव्या पट्ट्यांना २५ मि.मी.चा अँगल पुरतो. त्यावर रेड ऑक्साइड आणि मग ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. येथे फॅब्रिकेटरशी एक गोष्ट आधीच स्पष्ट बोलून घ्यावी. काम लवकर उरकण्यासाठी तो जाळी थेट अँगलला वेल्ड करतो, आणि त्या उष्णतेने जस्त जळून जाते; बाहेरून सगळे नीट दिसते आणि दोनएक पावसाळ्यांनंतर जाळी नेमकी अँगलच्या कडेने सुटू लागते. त्याऐवजी जाळी अँगल आणि सपाट लोखंडी पट्टी यांच्यामध्ये दाबून दर सहा इंचांवर नट-बोल्टने आवळावी. लाकडी सांगाडा असल्यास यू आकाराच्या खिळ्यांवर भिस्त ठेवू नये, कारण लाकूड फुगते-आटते तसे ते वर येतात. स्क्रू आणि रुंद वॉशर वापरावेत आणि वरून लाकडी पट्टी मारावी. दोन जाळ्या जेथे जोडल्या जातात तेथे त्या किमान तीन इंच एकमेकींवर चढवाव्यात आणि दर चार बोटांवर जीआय तारेने बांधाव्यात.

काम संपल्यावर, हिशेब चुकता करण्यापूर्वी, बांधकामातील १२ मि.मी.ची सळई हातात घेऊन सगळे खुराडे फिरून तपासावे. कोपरे, दाराच्या कडा, छपराखालील जागा, जोते आणि जाळी यांचा सांधा, पाण्याच्या नळीसाठी ठेवलेले भोक, या प्रत्येक ठिकाणी सळई रेटून पाहावी, आणि जेथे ती आत शिरेल ती जागा त्याच दिवशी बुजवून घ्यावी. उंदराचे पिल्लू यापेक्षा अरुंद फटीतूनही जाते, हे खरे. पण त्याचा उपाय दाण्याच्या साठवणीत आहे, जाळीत नाही.

छप्पर

पिंजऱ्याला वरून जाळी हवीच. उघडा ठेवला तर घार, उदमांजर आणि मांजर यांच्यासाठी भिंतींचा काही उपयोग नाही, आणि गावठी कोंबडी स्वतःच उडून बाहेर जाते. कोळीवाड्यांत जुने मासेमारीचे जाळे वर ताणण्याची पद्धत आहे. घार आणि कावळा यांच्यापुरती ती चांगली आहे, परंतु रात्री कोंबड्या पिंजऱ्यात राहणार असतील, तर नायलॉनचे जाळे पुरणार नाही, कारण ते दातांनी कातरता येते. शिवाय जाळ्याची टोके जमिनीपर्यंत लोंबू देऊ नयेत. त्यांत साप अडकून मरतात, आणि अडकलेला नाग सोडवायला जाणाऱ्या माणसाचे काय होईल हे सांगायला नको.

रात्रीच्या खोलीवर पत्रा घातल्यास त्याच्या पन्हळींकडे लक्ष द्यावे. भिंतीच्या माथ्यावर पत्रा टेकतो तेथे प्रत्येक पन्हळीखाली एकेक पोकळी राहते, आणि तिच्यातून उंदीर व लहान साप सहज आत येतात. या पोकळ्यांत जाळीची गुंडाळी कोंबून वर सिमेंटचा गिलावा करावा. कौले घालायची असतील तर त्यांच्याखाली सगळीकडे जाळी अंथरावी, कारण माकडे कौले सरकवतात आणि उदमांजर त्या वाटेने उतरते. पत्रा एप्रिल-मेमध्ये तापतो, म्हणून त्यावर माडाच्या झापांचा थर टाकावा आणि भिंतीच्या वरच्या फूटभर भागात जाळीची मोकळी पट्टी ठेवावी. सुरक्षिततेच्या नादात खुराडे पेटीसारखे बंद केले, तर मुंबईच्या उकाड्यात कोंबड्या आतच गुदमरतील.

दार आणि संध्याकाळची वेळ

माणसाचे दार बाहेर उघडणारे असावे, म्हणजे बाहेरून धडक बसली तरी ते चौकटीवरच दाबले जाते. मधोमध एकच कडी लावण्याची चूक सर्रास होते. तशा दाराचा खालचा कोपरा कुत्रा नाकाने उचकटतो आणि जाळीचे हलके दार तेवढ्याने दोन इंच वाकते. वर एक आणि खाली एक असे दोन टॉवर बोल्ट लावावेत आणि खालचा उंबरठा काँक्रीटचा करावा. बोरिवली, मुलुंड, आरे या भागांत माकडे साधी कडी सरकवतात, म्हणून तेथे कोयंड्यात कुलूप किंवा निदान स्प्रिंगचा हूक अडकवावा.

कोंबड्यांसाठी खोली आणि पिंजरा यांच्यामध्ये दहा इंच रुंद व बारा इंच उंच असे लहान दार ठेवावे. ते दोन बाजूंच्या खाचांतून वर-खाली सरकणारे असावे आणि खाली उतरल्यावर त्याची कड उंबरठ्यावरील खाचेत बसावी, म्हणजे नखे घालून उचलता येणार नाही.

हे दार दिवस मावळताना लावावे, असे सर्वजण सांगतात, आणि ते बरोबरच आहे. परंतु मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि त्या वेळी घरचा माणूस चर्चगेटहून सुटलेल्या विरार लोकलमध्ये उभा असतो. शेजाऱ्यांवर, मुलांवर ही जबाबदारी सोपवली की ती एखाद्या दिवशी चुकते, आणि खुराडे नेमके त्याच दिवशी लुटले जाते. त्यामुळे माझे मत असे, की मुंबईत फिरण्याचा पिंजरा रात्रीच्या खोलीइतकाच पक्का बांधावा. खर्च वाढतो, पण दार लावायला नऊ वाजले तरी बिघडत नाही. बॅटरीवर चालणारी स्वयंचलित दारेही मिळतात, मात्र ती दाराबाहेर राहिलेल्या कोंबडीची वाट पाहत नाहीत.

आतील मांडणी

बसण्याचे दांडे जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर आणि जाळीपासून किमान एक फूट आत असावेत. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीला बाहेरून त्रास देणे सोपे असते, आणि जाळी मोठ्या भोकांची असेल तर मांजर पंजा घालून तिचे डोके ओढते. दर कोंबडीमागे नऊ-दहा इंच दांडा धरावा आणि त्याच्या कडा गोल करून घ्याव्यात. अंडी घालण्यासाठी एक फूट लांब, रुंद व उंच असे दोन खोके पुरतात. अंडी दुपारपर्यंत उचलावीत, कारण रात्रभर पडून राहिलेले अंडे सापाला बोलावते. खुडूक कोंबडी आणि तिची पिल्ले यांना वेगळ्या कप्प्यात ठेवावे आणि पिल्ले महिन्या-दीड महिन्याची होईपर्यंत मोकळी सोडू नयेत. परसात डालग्याखाली ठेवायचे झाले, तर डालग्यावर दगड ठेवावा आणि कोणीतरी जवळ बसावे.

खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे, गोणीत ठेवू नये, आणि रात्री खाद्याचे भांडे बाहेर काढून घ्यावे. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, उंदरांमागे धामण येते, आणि मग लोक सापाला दोष देतात. मासळीचे टाकाऊ तुकडे खुराड्याजवळ टाकण्याची सवय असेल, तर ती मोडावी.

जंगलालगतच्या वस्त्यांसाठी

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आरे आणि येऊर यांच्या कडेला बिबट्याचा वावर आहे. त्याचे मुख्य भक्ष्य येथे भटकी कुत्री असली, तरी कोंबड्याही त्याला वर्ज्य नाहीत, आणि वर वर्णिलेली कोणतीही जाळी त्याला अडवू शकत नाही. अशा ठिकाणी रात्रीची खोली चारही बाजूंनी विटांची, वर काँक्रीटचा स्लॅब, हवेसाठी उंचावर सळयांची लहान खिडकी व तिला आतून जाळी, आणि लोखंडी पत्र्याचे दार, अशी घराला लागून बांधावी. दिवसाच्या पिंजऱ्यात संध्याकाळनंतर एकही कोंबडी ठेवू नये. येथे उशिरा येऊन दार लावण्याची सवलत नाही. आसपास उजेड ठेवावा आणि कोंबड्यांची आतडी-पिसे उघड्यावर टाकू नयेत.

देखभाल

मे महिन्यात, पावसापूर्वी, आणि गणपती आटोपल्यावर पाऊस ओसरू लागला की, अशी वर्षातून दोनदा सळई घेऊन पूर्ण तपासणी करावी. गंजाचा डाग दिसेल तेथे तो घासून जस्ताचा रंग लावावा. तार बोटाने दाबून तुटत असेल तर रंगाच्या भानगडीत न पडता तेवढा तुकडा बदलावा. एरवी आठवड्यातून एकदा कडेने चक्कर मारून ताजी उकरलेली माती पाहावी. बीळ दिसले तर ते नुसत्या मातीने बुजवू नये. आत कोणी नाही याची खात्री करून खडी आणि सिमेंट ओतावे.

खुराड्यात साप दिसला तर कोंबड्या बाहेर सोडाव्यात, दुरून लक्ष ठेवावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. काठीने डिवचू नये. मुंगसाने किंवा उदमांजराने एकदा शिकार साधली, तर ते दुसऱ्या दिवशी किंवा रात्री त्याच वाटेने परत येण्याची शक्यता मोठी असते. म्हणून मेलेली कोंबडी उचलून खोल पुरावी, वाट कोणती होती ते दिवसाउजेडी शोधावे, आणि ती बंद होईपर्यंत उरलेल्या कोंबड्या घरात, न्हाणीघरात का होईना, डालग्याखाली ठेवाव्यात.